लताबाईने पाहिलेलं ब्रुसेल्स

सहादू गांगुर्डे मनमाडच्या यार्डात शंटिंगला होता. डबे जोडायचे आणि डबे तोडायचे, एवढंच काम. पण ते करताना माणूस डब्यांच्या टोकाच्या दोन बफरांच्या, धक्का झेलणाऱ्या लोखंडी दट्ट्यांच्या, मध्ये वाकून उभा असतो, आणि इंजिन ड्रायव्हरच्या हातात असतं. साखळीचा स्क्रू फिरवून ढिला करायचा, हवेचा पाइप सोडायचा, साखळी आकड्यावरून उचलून बाजूला टांगायची आणि डोकं वर न काढता बाहेर यायचं. साखळी उचलताना जोर कमरेत घेतला तर माणूस लवकर वाकतो. मांडीत घेतला तर पेन्शनीपर्यंत सरळ राहतो. सहादू सरळ राहिला. हात मात्र खर्ची पडले. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच उरलं होतं, आणि तळवे असे झाले होते की तव्यावरची भाकरी उचलायला त्याला फडकं लागत नसे.

मुंबईकडे जाणाऱ्या एका गाडीचे मागचे डबे मनमाडला कापले जात आणि दौंडवरून पुण्याला जात. चहाला उतरलेल्या लोकांना हे ठाऊक नसे. सहादू प्लॅटफॉर्मवरून ओरडत जाई, "पुण्याचे डबे मागं! पुढच्यात चढू नका!" तरी कोणी ना कोणी राहायचाच. बायको डब्यात, नवरा खाली, हातात चहाचे दोन कप. गाडी गेली की तो नवरा सहादूच्या अंगावर धावून यायचा. सहादू त्याला ऐकवायचा, "पाटी वाचता येत नाय का? गाडीत बसावं तर गाडीतच बसावं."

त्याची बायको लताबाई यार्डापलीकडच्या रेल्वे क्वार्टरात राहिली. सहादूची पाळी दर आठवड्याला बदले. लताबाईने त्याची वाट पाहणं फार लवकर सोडलं. रुसून नव्हे. वाट पाहत बसलं तर पाणी कोण भरणार? मनमाडात पाणी मिळवणं हीच एक पाळी होती. पोरांच्या शाळा, त्यांची दुखणी, सासूचं शेवटचं, सगळं तिनं एकटीनं काढलं. सहादू येई तेव्हा गोष्ट होऊन गेलेली असे. चौऱ्याहत्तरच्या संपात तो इतरांबरोबर पकडला गेला आणि नाशिकरोडच्या तुरुंगात राहिला. सुटून घरी आला तर दाराला कुलूप. पायरीवर बसून राहिला. लताबाई दळण घेऊन आली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलात का? सरा जरा. डबा जड हाय."

रेल्वेचा पास दोघांचा असे. वर्षातून एकदा दोघं कुठंतरी जात, वणीला तिच्या बहिणीकडे जायचं असेल तर नाशिकरोडपर्यंत, नाहीतर नागपूरला दीक्षाभूमीवर. पण गाडी थांबली की सहादूच्या पायांना चैन पडत नसे. तो उतरणार. कोणी ओळखीचा शंटिंगचा जमादार भेटणार, गार्डाशी बोलणं निघणार, मग पुढच्या स्टेशनापर्यंत गार्डाच्याच डब्यात. तो उठला की लताबाई पायाजवळची पिशवी उचलून त्याच्या जागेवर ठेवी. कोणी विचारलं, "मावशी, इथं कोणी हाय का?" तर म्हणे, "हाय. येतील." नागपूरहून येताना एकदा भुसावळला तो असाच गेला आणि थेट चाळीसगावला परत आला. तेव्हा ती म्हणाली, "पास दोघांचा असतो ना? मग एकदा तरी शेजारी बसून चला. पार शेवटच्या स्टेशनापातूर."

"रिटायर झाल्यावर बसू," तो म्हणाला.

हे तिनं पुन्हा काढलं नाही. पण सहादूच्या डोक्यात ते राहून गेलं.

ब्याऐंशी साली तो रिटायर झाला. क्वार्टर सुटलं. नाशिकरोडला जेल रोडवर आपल्या लोकांची वस्ती होती, तिथं दोन खोल्या घेतल्या. ज्या भिंतीच्या आत त्याने संपाचे दिवस काढले, तीच भिंत आता फिरायला जाताना उजव्या हाताला लागे. मुलगी कल्याणला दिलेली. मुलगा वाल्मीक इंजिनिअर होऊन जर्मनीत कोलोन शहराजवळ एका कारखान्यात लागला होता. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने दोघांना तिकडं बोलावलं, तिकिटं पाठवली.

तिकडं सगळं चांगलं होतं. फक्त माणूस नव्हता. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात ते दिवस मावळता परतत, आणि दिवस तर मावळता मावळत नसे. सहादू आणि लताबाई खिडकीशी बसत. समोरचा रस्ता धुऊन ठेवल्यासारखा आणि रिकामा. कोणी दिसलाच तर लताबाई सांगे, "आला बघा एक." तो माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं त्याला पाहत. मग परत रस्ता.

वाल्मीकला ते दिसत होतं. त्याने बेत काढला. शेजारच्या देशाची राजधानी ब्रुसेल्स. सकाळच्या गाडीने जायचं, शहर पाहायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. त्या देशात जायचे शिक्के त्याने पासपोर्टांवर आधीच आणून ठेवले होते. तिघांची तिकिटं काढली. आणि आदल्या दिवशी त्याच्या कारखान्यात मशीन बंद पडलं, रजा रद्द झाली.

"पुढच्या महिन्यात जाऊ, दादा," तो म्हणाला. बापाला तो दादा म्हणे.

"कशाला? आम्ही दोघं जातो. गाडी मला काय नवी हाय का?"

"गाडी नवी नाय तुम्हाला," लताबाई म्हणाली. "गाडीत बसणं नवं हाय."

सून तोंडावर हात धरून हसली. सहादू हसला नाही. त्याला गाडीत दिलेला जुना शब्द आठवला होता. वाल्मीक येत नाही हे एका अर्थी बरंच, असं त्याला वाटलं. दोघंच. शेजारी बसून. शेवटच्या स्टेशनापर्यंत.

सकाळी वाल्मीकने त्यांना डब्यात बसवलं. पासपोर्ट आणि तिकिटं सहादूच्या कोटाच्या आतल्या खिशात घातली. आईच्या बटव्यात त्या देशाची थोडी नाणी टाकली. "तिथं संडासाला पैसे पडतात, आई." लताबाईला ते पटलं नाही, पण बटवा तिने कमरेला खोचला.

"दादा, एक नीट ऐका. मध्ये एका स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात. मागचा भाग पॅरिसला जातो. तुमचा डबा पुढच्या भागात आहे, तो सरळ ब्रुसेल्सला जातो आणि तिथंच गाडी संपते. तुम्ही जागेवरून उठू नका."

"डबे तोडायचं तू मला शिकवतोस?"

गाडी सुटली. लताबाई खिडकीशी, सहादू तिच्या शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिलं स्टेशन आलं. तो उठला नाही. दुसरं आलं. त्याने पाय आत ओढून घेतले. नुसतं बसून राहणं हेही एक काम आहे, हे त्याला त्या दिवशी समजलं. मांड्या भरून आल्या. त्या रुळांना सांधेच नव्हते, त्यामुळे खालून आवाज येत नव्हता, आणि गाडी चालली आहे हे फक्त खिडकीतून कळत होतं. लताबाईने डबा उघडून चटणी लावलेली पोळी त्याच्या हातात ठेवली. त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बसलात खरं."

"मग? शब्द दिला होता."

"कधी?"

तिला आठवत नव्हतं, की आठवत असून विचारलं, हे त्याला कळलं नाही. पण तो खूश होता. बाहेर डोंगर आले, बोगदे आले. लताबाई म्हणाली, "इगतपुरीसारखं हाय." तो म्हणाला, "थोडं कमी." अशा गोष्टी ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

मग ते मधलं स्टेशन आलं. गाडी थांबली, आणि घटकाभराने डब्याला मागे एक हलका धक्का बसला. दुसऱ्या कोणाला तो जाणवलाही नसेल. सहादूला पायाच्या तळव्यातून समजलं. साखळी ढिली व्हावी म्हणून ड्रायव्हरने इंजिन मागे दाबलं होतं. मनमाडला असंच दाबत. त्यांचा डबा पुढच्या भागातला अगदी शेवटचा. तोडायची जागा त्यांच्या मागेच होती.

तो बसून राहिला. मग हवा सुटल्याचा मोठा फुसकारा ऐकू आला.

"आलोच," तो म्हणाला.

"बूट घालून जा," लताबाई म्हणाली. बोलता बोलताच तिचा हात पिशवीकडे गेला होता.

खाली दोन डब्यांच्या मध्ये एक जाडजूड माणूस वाकलेला होता. तेच बफर, तीच साखळी, तोच आकडा. सहादू कडेला उभा राहून पाहू लागला. माणसाने स्क्रू फिरवला, पाइप सोडले, साखळी उचलली. जोर मांडीत घेतला होता. एकही हालचाल फुकट गेली नाही. डोकं खाली ठेवून तो बाहेर आला. सहादूच्या तोंडून "वा" निघून गेलं.

माणसाने वर पाहिलं. समोर काळा, बारीक म्हातारा, अंगात पोराचा कोट. सहादूने काही न बोलता आपलं अर्धं बोट दाखवलं. माणूस क्षणभर गोंधळला, मग हसला, हातमोजा काढला आणि स्वतःचा अंगठा दाखवला. अंगठ्याचं वरचं पेर चपटं झालेलं, नख नव्हतं. दोघांनी एकमेकांचे हात निरखून पाहिले. सहादूने खूण करून विचारलं, बफरमध्ये? माणसाने नाही अशी मान हलवली, साखळीकडे बोट दाखवलं.

मनमाडला डबे तोडल्यावर गाडी लगेच कधीच सुटत नसे. हवा तपासायची, गार्डाचा झेंडा, गार्डाची शिटी, मग इंजिनाची शिटी, मग पुन्हा कोणीतरी ओरडणार, मग गाडी हलणार. सहादू त्या शिटीच्या भरवशावर उभा होता. इथं शिटी झालीही असेल. एवढीशी काहीतरी चिमणीसारखी वाजली, ती गाडीची असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. दारं आपोआप मिटली. पुढचा भाग त्याच्यासमोरून सरकू लागला.

तो धावला. दारावर थापा मारल्या. दार लोखंडी पत्र्यासारखं सपाट, धरायला काही नाही. खिडकीत लताबाई दिसली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. चेहरा जराही हलला नाही. तिच्या शेजारी, त्याच्या जागेवर, पिशवी होती.

गाडी गेली. थोड्या वेळाने मागचा भागही पॅरिसला निघून गेला आणि रूळ मोकळे झाले.

जाड माणसाला काय झालं ते कळलं. त्याने सहादूला टोपीवाल्या साहेबाकडे नेलं. सहादूने दोन्ही तिकिटं टेबलावर ठेवली, दोन्ही पासपोर्ट ठेवले, आणि म्हणाला, "वाईफ." मग गाडी गेली त्या दिशेला हात केला. त्याच्याकडे एवढंच इंग्रजी होतं. साहेबाने फोन केला, बराच वेळ बोलला. मग घड्याळावर बोट ठेवून पुढच्या गाडीची वेळ दाखवली आणि एका बाकाकडे हात केला. साहेब सहादूवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "गाडीत बसावं तर गाडीतच बसावं," हे त्याला कोणीच म्हणालं नाही. ते त्याला आपल्याच आवाजात ऐकू येत होतं.

बाकावर तो बसून राहिला. तिकीट तिच्याकडे नाही. पासपोर्ट नाही. तिला वाचता येत नाही. वाल्मीकच्या घराचा पत्ता तिला ठाऊक नाही. गावाचं नाव तरी नीट घेता येतं का? शहराचं नाव ती 'बुरशेल' म्हणायची. उतरली असेल का? रडत असेल का? रडताना ती कशी दिसते, हे आठवायला गेला, तर आठवेना. सासू गेली तेव्हा रडली असेल. तो नाईटला होता. पोर तापाने फणफणलं तेव्हा रडली असेल, तेव्हाही नव्हता. तो नसताना ती काय करते, कशी बसते, कोणाशी बोलते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून त्याला तिची फक्त एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती पिशवी जागेवर ठेवते.

समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. लोक चढत, उतरत. त्याच्याकडे कोणी पाहिलं तरी नजर लगेच दुसरीकडे जाई. मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर असा एकटा माणूस बसला असता तर दहा जणांनी विचारलं असतं. सहादूला वाटलं, विचारलं असतं का? त्याने स्वतः किती जणांना विचारलं होतं?

जेवणाच्या सुट्टीत जाड माणूस आला, शेजारी बसला, पावाचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. सहादूने तो धरून ठेवला.

पुढची गाडी आली. ती चालती असेपर्यंत सहादू दाराशी उभाच होता. ब्रुसेल्स आलं. केवढं तरी मोठं स्टेशन. उतरलेल्या प्लॅटफॉर्मवर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. बाकं पाहिली. शेजारच्या प्लॅटफॉर्मवर गेला, तिथली बाकं पाहिली. एका बाकावर लताबाईच्या साडीसारखं हिरवं काही दिसलं म्हणून धावला, ती कोणाची तरी छत्री होती. लताबाई कुठंच नव्हती. खाली मोठ्या दालनात घड्याळ होतं, त्याच्याखाली तो येऊन उभा राहिला. हात त्याने कोटाच्या खिशात घातले.

तेवढ्यात रस्त्याकडच्या दारातून ती आत आली. हिरवी साडी, त्यावर सुनेचा स्वेटर, पायात मोजे आणि चपला. हातात कागदाचा पुडा.

"आलात का?" ती म्हणाली. "हे धरा. निवलं."

"कुठं गेली होतीस?" तो इतका मोठ्याने ओरडला की माणसं थांबली.

"गाव बघायला. त्यासाठीच आलो होतो ना?"

"एकटी?"

"मग? दुसरं कोण होतं माझ्यासंगं?" तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. खरोखरच विचारल्यासारखं म्हटलं.

"मी मागं राहिलो. तुला काहीच वाटलं नाय?"

"वाटायचं काय? तुम्ही त्या साखळीवाल्यापाशी उभे होतात, हातवारे करत. मी म्हटलं, काम निघालं असंल. येतील मागनं." तिने पुडा त्याच्या हातात दिला. "बटाटे तळून देतात. संडासाचे पैसे होते ना, त्याचे घेतले. अर्धे ठेवले तुम्हाला."

सहादूला तिथंच मटकन बसावंसं वाटलं. बसायला जागा नव्हती म्हणून उभा राहिला.

"चला," लताबाई म्हणाली, "दाखवते. लांब नाय. मी रस्ता ध्यानात ठेवलाय. सोन्याची घरं हायत. आणि एक गंमत हाय, ती सांगत नाय, बघाच."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. परतीच्या गाडीला भरपूर वेळ होता. ते त्यालाही दिसत होतं.

"नको. गाडी जाईल."

"अजून लय वेळ हाय."

"नको म्हटलं ना!"

ती त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. उजेडातून आली होती, गाल लाल झाले होते, आणि डोळ्यांत काहीतरी असं होतं की जे त्याने क्वार्टरात कधी पाहिलं नव्हतं. ते हळूहळू विझलं.

"बरं," ती म्हणाली.

दोघं प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जाऊन बसले. पिशवी तिने मांडीवर घेतली. सहादूने गार झालेले बटाटे एकेक करून खाल्ले. सगळे संपवले. परतीच्या गाडीत तो कोलोनपर्यंत तिच्या शेजारून हलला नाही. लघवीलासुद्धा उठला नाही. पण हा प्रवास परतीचा होता. शब्द जाण्याचा दिला होता.

वाल्मीकला दोघांनी काही सांगितलं नाही. "चांगलं हाय," एवढंच म्हणाले.

नाशिकरोडला परतल्यावर दुपारची भांडी झाली की वस्तीतल्या बाया लताबाईच्या ओट्यावर जमू लागल्या. सहादू आत खाटेवर पडलेला असे. मध्ये एक पडदा.

"मोठा चौक हाय," लताबाई सांगे, "चारी बाजूंनी उंच घरं, आणि घरांना वरपासून सोनं लावलंय."

"खरं सोनं?" ही शेजारची गोजराबाई.

"चमकत तर होतं. मी काय खरवडून बघितलं?"

"मी असते तर खरवडलं असतं," फुलाबाई म्हणे. ही पलीकडच्या गल्लीतली, तोंडाची फटकळ.

"आणि एका कोपऱ्यावर ही गर्दी. मला वाटलं, कोणी पडलं-बिडलं काय. घुसले आत. तर काय, भिंतीत एक पोरगं. हातभर. पितळेचं असंल. नागडं. आणि मुततंय!"

"इश्श!"

"दिवसभर मुततंय. आणि साहेब, मडमा, शाळेची पोरं, सगळे फोटो काढतायत त्याचा."

"अगं बाई! एवढंच बघायला लोकं इमानानं जातात?" फुलाबाई म्हणाली. "त्यांना म्हणावं, आमच्या गल्लीत या. दहा दाखवते. पैसे नाय घेणार."

हसण्याने पडदा हलला. मग गोजराबाईने आत वाकून विचारलं, "काय हो भाऊजी? खरं सांगते का ही?"

सहादू कुशीवर वळला. "खरं हाय," म्हणाला.

त्याने ते पोरगं पाहिलं नव्हतं. चौक पाहिला नव्हता. फुलवाल्या बाया पाहिल्या नव्हत्या, ज्यांच्यातल्या एकीने लताबाईच्या साडीच्या काठाला हात लावून पाहिला होता, आणि हिने तिच्या झग्याला. हे सगळं त्याला पडद्याआडून, तुकड्या-तुकड्याने, बायांच्या हसण्यातून कळत गेलं. प्रत्येक वेळी नवं काहीतरी निघे. लताबाई हे वर्षभर सगळ्यांना सांगत होती. दळणाच्या गिरणीत, लग्नघरी, विहारात वंदनेनंतर. त्याला मात्र तिने एकदाही सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. ज्याला ती दाखवायला निघाली होती आणि जो नको म्हणाला, त्याने कोणत्या तोंडाने विचारायचं?

विहाराच्या पायरीवर म्हातारे त्याला विचारत, "काय गांगुर्डे, ब्रुसेल्स कसं हाय?"

"स्टेशन चांगलं हाय," तो म्हणे.

ते हसत. रेल्वेतला माणूस, दुसरं काय बघणार! सहादू त्यांच्याबरोबर हसे. घरी येऊन तो खाटेवर बसे. लताबाई स्वयंपाकघरात असे, तो बाहेर असे, दोन खोल्यांच्या मध्ये फक्त एक उंबरा. रिटायर झाल्यावर आपण घरी आलो असं त्याला वाटलं होतं. घरी तो आला होता, पण तिथलं सगळं त्याच्याविना बसवलेलं होतं आणि नीट चाललेलं होतं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात दोघं मुलीकडे कल्याणला जाऊन परत येत होते. दिवसाची गाडी. लताबाई खिडकीशी, सहादू शेजारी. कसाऱ्याला गाडी थांबली. घाट चढायला इथं मागून ढकलणारी इंजिनं लागतात. लोक वडे घ्यायला उतरले. सहादू कित्येक वर्षं या स्टेशनावर उतरत आला होता. इंजिन कसं लावतात ते पाहायचं, जमादाराला हाक मारायची, आणि गाडी हलल्यावर कुठल्यातरी डब्यात उडी मारायची.

मागून धक्का बसला. चांगला दणदणीत.

लताबाई बाहेर पाहत होती. बाहेरच पाहत तिने पायाजवळची पिशवी उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली. पिशवी सहादूच्या मांडीवर पडली.

ती वळली. पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गेलात नाय?"

"नाय."

"का? पाय दुखतात?"

"नाय."

तिने पिशवी परत घ्यायला हात पुढे केला. त्याने ती सोडली नाही. गाडी हलली, घाटाला लागली. उजव्या बाजूला दरी उघडली.

"ते चौकाचं सांग," सहादू म्हणाला.

"कोणत्या?"

"सोन्याच्या घरांच्या."

"त्याचं काय सांगायचं? तुम्ही होतात की."

"मी नव्हतो."

"नव्हतात कसे? आपण संगं..." ती थांबली. कपाळावर आठी आली. एवढ्या वेळा सांगून सांगून तिच्या गोष्टीत तो कुठंतरी तिच्या मागे उभाच असणार, किंवा गोष्टीत तो आहे की नाही हे तिने कधी पाहिलंच नसणार.

"मी स्टेशनात होतो," तो म्हणाला. "पोरगंपण मी बघितलं नाय. गोजराबाईला खोटं सांगितलं."

बोगदा आला. डब्यात अंधार झाला, आवाज इतका की बोलून उपयोग नव्हता. सहादूने पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. बोगदा संपला तेव्हा लताबाई त्याच्याकडे पाहत होती. हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. नवीन माणूस डब्यात आल्यावर पाहतात तशी पाहत होती.

"स्टेशनातनं बाहेर पडलं की," ती म्हणाली, "पहिल्यांदा भीती वाटली. ते बायांना सांगितलं नाय मी."

"किती?"

"लय. दाराशीच उभी राहिले. मग दोन भिक्षुणीसारख्या बाया चालल्या होत्या, काळे झगे, पांढऱ्या टोप्या. म्हटलं, या काय वाईट ठिकाणी जायच्या नाय. त्यांच्या मागनं निघाले."

पुन्हा बोगदा. ती थांबली. उजेड आल्यावर पुढचं सांगितलं. भिंतीवरची एक लाल पाटी तिने परतीच्या खुणेला धरली होती. एका दुकानाच्या काचेत स्वतःला पाहून ती दचकली होती, कोण ही बाई म्हणून. इगतपुरी येईपर्यंत ती सांगत सांगत तळलेल्या बटाट्यांच्या गाड्यापाशी आली होती.

इगतपुरीला गाडी थांबली. इथं इंजिन बदलतात. पुढून एक धक्का बसला, आणि लताबाईचं बोलणं तुटलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. बाहेर कोणीतरी ओरडत होतं, साखळी वाजली, हवा सुटल्याचा आवाज आला. सहादूच्या पायांना तो आवाज कळला. पाय त्याने बाकाखाली घेतले.

"मग?" तो म्हणाला. "किती नाणी दिलीस तू त्या बटाटेवाल्याला?"

"मी कुठली देते? मूठच उघडून धरली समोर," लताबाई म्हणाली. "त्यानंच वेचून घेतली."